डब्याच्या मागची ओळ

फुलवंताबाईंच्या अंगठ्यावरचा पिवळा डाग हळदीचा नव्हता. हळद नखाच्या कडेला साचते, कातडीच्या रेघांत गडद आणि बाकी ठिकाणी फिकी दिसते, आणि साबण लागला की लाल होते. हा डाग लिंबाच्या सालीसारखा होता, एकसारखा पसरलेला. अंगठ्याच्या पेरावर साधारण दीड सेंटिमीटर, आणि त्याच्या समोर तर्जनीवर तेवढाच. म्हणजे ओल्या बोटांच्या चिमटीत काहीतरी लहान धरलं होतं. पुडीचे कागद सुटे करायला काउंटरवर ओला स्पंज ठेवलेला असतो, तो मी पुढे केला. त्यांनी बोटं पुसली. डाग लगेच गेला आणि स्पंज पिवळा झाला.

तो रंग मी ओळखला. आमच्याच दुकानातला होता.

आमचं औषधांचं दुकान अक्कलकुव्यात जीप स्टँडसमोर आहे. मोलगीकडे चढणाऱ्या जीप तिथेच भरतात. दुकान सासऱ्यांचं, घेवरचंदजींचं. चालवतात ते आणि माझे पती अभिनंदन. मी भिंतीवर असते. म्हणजे फार्मसिस्ट म्हणून माझं नोंदणी प्रमाणपत्र तिथे काचेच्या चौकटीत टांगलेलं आहे, बावीस वर्षांच्या माझ्या फोटोसह, आणि त्या कागदावर दुकानाचा परवाना उभा आहे. कायद्यानुसार मी सकाळी नऊ ते रात्री नऊ काउंटरवर असते. प्रत्यक्षात दुपारी एक ते अडीच, घरातले पुरुष जेवायला जातात तेवढा वेळ. एरवी मी मागच्या गल्लीत घरी असते. औषध निरीक्षक आले की दुकानातले शिवाजीभाऊ धापा टाकत घराच्या दारात उभे राहतात. “वहिनी, चाला! साहेब ऊनात!” साहेब आले, असं त्यांच्या अहिराणीत. मग मी पोळीचे हात धुऊन पांढरा कोट चढवते. सात वर्षांपूर्वी माझं स्थळ आलं तेव्हा सासऱ्यांनी पत्रिका नंतर पाहिली. आधी पदवी पाहिली.

“गोळी परत घे,” फुलवंताबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच तू म्हणतात. त्यांच्या पावरी बोलीत मोठ्यांसाठी वेगळं काही नाही. लुगड्याच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी काउंटरवर गोळ्या ओतल्या. “सगळी पिवळी आणली. घरात एक नाय ठेवली.”

वाटेत गाठ भिजली असावी. काही गोळ्या विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या. मी त्या पांढऱ्या कागदावर घेऊन वेगळ्या केल्या. तीन प्रकार होते. एक मोठी, मधोमध रेघ असलेली: तापाची. एक तिच्या निम्म्याने: खाज आणि पित्तावरची. या दोन्ही आमच्या दुकानाच्या नावाने एका कारखान्यातून बनवून घेतलेल्या. हजार गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यातून येतात आणि पुडीत बांधून जातात. तिसरा प्रकार सुटा नव्हता. सरकारी दवाखान्याची पट्टी होती, अखंड, आणि तिच्यात बारीक पिवळ्या गोळ्या. फॉलिक ॲसिड.

“ही कोण घेतं?” मी पट्टी उचलून विचारलं.

“मी घेत होते,” मागून आवाज आला.

बाकावर एक मुलगी बसली होती. चौदा-पंधरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, दोन्ही हात गुडघ्यांभोवती घट्ट आवळलेले. ही निशा, फुलवंताबाईंची लेक. मोलगीच्या वरच्या अंगाला त्यांचा पाडा आहे. ती आश्रमशाळेत नववीत शिकते.

“मला सिकलसेल आहे,” ती सरळ म्हणाली, जसं कोणी आपलं आडनाव सांगतं. “रक्त कमी होऊ नये म्हणून ही रोज घ्यायची. तीन आठवडे झाले, आईने बंद केली.”

“बंद केली ते बरं केलं,” फुलवंताबाई म्हणाल्या. “पिवळीने पोरगी मेली असती.”

मग काय झालं होतं ते निशाने सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी ती वडिलांबरोबर इथे आली होती. अंगात ताप होता. जालमसिंग, तिचे वडील, यांनी आमच्या दुकानातून तापाची पिवळी गोळी घेतली. तिने ती समोरच्या टपरीवर चहाबरोबर घेतली आणि जीप भरायची वाट बघत दोघं बसले. जीपमध्ये नऊ माणसं झाली होती, अजून पाच हवी होती, तेवढ्यात तिच्या मानेवर पित्ताच्या गांधी उठल्या. मग हातांवर, मग पोटावर. जालमसिंग रस्ता ओलांडून पुन्हा दुकानात आले. दुकानातून त्यांना खाजेची गोळी मिळाली. तीही पिवळी. ती घेतल्यावर निशाचे ओठ सुजले आणि श्वासात शिट्टी वाजायला लागली. जीपवाल्यानेच जीप रिकामी करून तिला दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टरांनी गोळीचं पाकीट मागितलं. पाकीट कुठलं? वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती, ती जालमसिंगांनी टपरीवरच टाकली होती. पाकिटाशिवाय डॉक्टर काय सांगणार? ती गोळी पुन्हा घेऊ नका, म्हणाले.

“ती म्हणजे कोणती?” निशा म्हणाली. “आमच्याकडे ती म्हणजे पिवळी.”

मी मागे वळून वरच्या फळीवरचे दोन्ही डबे काढले. आमच्या दुकानात डबे नावाची बाजू पुढे ठेवून लावतात. मागची बाजू भिंतीकडे असते. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, औषधाच्या नावाखाली शेवटची एक ओळ असते. रंग: टार्ट्राझिन. दोन्ही डब्यांवर तीच ओळ.

आता मला नेमकं बोलायला हवं. हा रंग विष नाही. त्याला परवानगी आहे, आणि डब्यावर लिहिलेलं आहे म्हणजे कारखान्याने नियम पाळला आहे. हजारो माणसं तो पोटात घेतात, त्यांना काही होत नाही. थोड्या माणसांना होतं. त्या थोड्या माणसांसाठीच ती ओळ छापायचा नियम आहे. गोळीतलं औषध ताप उतरवतं. रंग काहीच करत नाही, फक्त दिसतो. निशाला जे झालं ते रंगाने झालं की आणखी कशाने, हे मी काउंटरवर बसून ठरवू शकत नाही. पण एक गोष्ट मला ठरवता येत होती. जिला पहिल्या गोळीने गांधी उठल्या, तिला त्यावर उतारा म्हणून आम्ही तोच रंग दुसऱ्यांदा दिला होता.

आतल्या खोलीत शिवाजीभाऊ डबा खात बसले होते. ते रनाळ्याचे, वीस वर्षं याच दुकानात आहेत. बोलणं ऐकून ते हातात भाकरीचा तुकडा घेऊन दारात आले.

“वहिनी, मीच दिधी व्हती,” ते म्हणाले. “दोन्हीबी मीच दिध्यात. माले काय ठाऊक, दोन्हीस्मा एकच रंग शे?”

“तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, भाऊ.”

“डबावर लिखेल शे का?”

“आहे.”

ते डब्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत त्यांनी तो डबा किती वेळा उघडला असेल! तुकडा तसाच हातात राहिला.

“लिखेल ऱ्हाईसन काय उपयोग,” फुलवंताबाईंनी त्यांचीच बोली त्यांना परत केली, नाटकी आवाजात, आणि निशा हसली. मग त्या माझ्याकडे वळल्या. “तू शिकेल बाई आहे. तू सांग. तिन्ही पिवळ्या. कोणती टाकू?”

त्यांना ओळ वाचून दाखवून उपयोग नव्हता. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास का ठेवावा? याच काउंटरवरच्या शब्दावर त्यांनी एकदा ठेवला होता. बाहेरच्या फळ्यावर डॉक्टरांच्या वेळा लिहायला आम्ही पांढरे खडू ठेवतो. मी तीन घेतले. प्रत्येकाच्या तळापासून एक सेंटिमीटरवर एकेका गोळीचा ओला ठिपका दिला. स्टीलच्या वाटीत बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षाही कमी पाणी, चिमूटभर मीठ, आणि खडू त्यात उभे.

“हे आम्हाला सातवीत दाखवलं होतं,” निशा उठून आली. चालताना तिने काउंटरचा आधार घेतला. “पेनाच्या शाईचं. सर म्हणाले, रंग पळतो.”

“हो. पाण्याबरोबर चढतो. जो चढणारा असेल तो.”

आम्ही चौघं वाटीकडे बघत उभे राहिलो. स्टँडवर जीपवाला मोलगी, मोलगी ओरडत होता. दहा मिनिटांत दोन खडूंवर पिवळा रंग चढला, दोन्हीकडे सारख्याच उंचीवर. मी मोजपट्टी लावली, चौतीस मिलिमीटर आणि चौतीसच. तिसऱ्या खडूवरचा ठिपका जिथे दिला होता तिथेच होता.

फुलवंताबाईंनी बोट न लावता तिसऱ्या खडूकडे खूण केली. “ही चढली नाय.”

“ही निशाची दवाखान्याची गोळी. हिला वेगळा रंग घातलेला नाही. हे औषधच मुळात पिवळं असतं. पट्टीवर रंगाची ओळसुद्धा नाही, बघ निशा, तूच वाच.”

निशाने पट्टी डोळ्यांजवळ नेली. मी तिला आतून भिंग आणून दिलं. तिने ओळीवरून बोट फिरवत सगळं वाचलं, तारखेसकट. मग न विचारता डबा फिरवून त्याची मागची बाजू वाचली. टार्ट्राझिन हा शब्द तिने तीनदा जुळवला आणि चौथ्या वेळी सरळ म्हटला.

“पण रंग घालतातच कशाला?” तिने विचारलं.

“ओळखू यावी म्हणून. ज्यांना वाचता येत नाही त्यांना.”

“मला वाचता येतं,” ती म्हणाली. “मग मला का नाही दाखवलं?”

मी तिला पाण्याचा ग्लास दिला. तिने पट्टीतली एक गोळी काढली. फुलवंताबाईंचा हात मध्ये आला, थांबला, आणि मागे गेला. निशाने गोळी घेतली. अर्धा तास दोघींना मी बाकावर बसवून ठेवलं. दर पाच मिनिटांनी फुलवंताबाई तिची मान वळवून बघत होत्या. काही उठलं नाही. सिकलसेलमध्ये सांधे दुखतातच; तिचे गुडघे तीन आठवडे गोळी चुकल्यानेच दुखत होते, असं मी म्हणणार नाही. पण रोज घ्यायची गोळी ती घेत नव्हती, आणि त्याचं कारण आमच्या फळीवर होतं.

तोवर मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक दवाखान्याच्या डॉक्टरांना, दोन्ही गोळ्यांची नावं, रंग, आणि कोणत्या क्रमाने काय झालं ते. दुसरी निशाच्या दप्तरासाठी, मराठीत आणि इंग्रजीत: हिला हा रंग असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

अडीचला सासरे आले. लवंग चघळत, प्रसन्न. दुपारची झोप झाली की ते फार गोड माणूस असतात.

“काय बिंदणी, शाळा भरवली का?” खडू बघून ते म्हणाले. सुनेला ते बिंदणी म्हणतात.

फुलवंताबाई उठल्या. “शेठ, तू गोळी दिली. आत काय घातलेलं, तुला ठाऊक होतं?”

“औषधात औषध असतं, माय. दुसरं काय असणार?”

“रंग होता.”

“रंग तर रंगपंचमीलाही असतो,” सासरे हसले. “बस, बस. पोरीला बिस्किट देऊ का?”

“बिस्किट पण पिवळं असेल,” निशा म्हणाली. “पुडा दाखवा, आधी वाचते.”

शिवाजीभाऊंना हसू आवरेना, ते आत गेले. सासऱ्यांचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, पण लवंग चघळणं थांबलं. फुलवंताबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या आणि पट्टी गाठीत बांधल्या; खडूसुद्धा मागून घेतला, जो चढला नव्हता तो. “नवऱ्याला दाखवते,” म्हणाल्या. “तो पण घाबरलेला.” जाताना दारात थांबून त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

“ही तू आहे?”

“हो.”

“मग त्या दिवशी कुठे होती?”

दोघी जीपमध्ये जाऊन बसल्या. मी घरी आले.

त्या दिवशी मी कणीक मळत होते. निशाने सांगितलेला वार आणि वेळ मी आठवून पाहिली, नक्की कणीकच.

पिवळ्या रंगाबद्दल मी पहिल्यांदा बोलले त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हा सासऱ्यांनी रागावण्याऐवजी मला जवळ बसवून गोष्ट सांगितली होती. तरुणपणी ते मोलगीच्या बाजारात मीठ-मसाला विकायला बसत. एका साथीत कोणा कंपाउंडरच्या पिवळ्या गोळीने पाड्यांवरचा ताप उतरला. ती गोळी कसली होती ते आता त्यांनाही आठवत नाही, रंग आठवतो. डोंगरातली माणसं तेव्हापासून पिवळी मागायला लागली. पुढे त्यांनी औषधाचं दुकान काढलं, पांढऱ्या गोळ्या ठेवल्या, आणि माणसं त्या हातात घेऊन परत करत. ‘हा चुना,’ म्हणत. मग त्यांनी कारखान्याला सांगून गोळी पिवळी करून घेतली. ताप, खाज, अंगदुखी, सगळं पिवळं. “लोकांचा विश्वास आहे, बिंदणी. विश्वासाला रंग असतो,” असं ते म्हणाले होते. मी म्हणाले होते, निदान खाजेची तरी पांढरी ठेवा. ज्याला गोळीनेच त्रास होतो तो खाजेचीच मागायला येतो. “हा माल संपू दे,” ते म्हणाले. माल संपला. नवा आला. पिवळाच.

तेव्हा मी राजीनामा लिहून ठेवला होता. तीन ओळींचा, तारीख सोडून. तो स्वयंपाकघरात पापडाच्या डब्याखाली आहे. दोन वर्षं मी पापड काढले आणि डबा परत त्याच कागदावर ठेवला. स्वतःला मी सांगत असे की योग्य वेळ यायची आहे. खरं कारण दुसरं होतं. राजीनामा दिला की आठ दिवसांत शहाद्याहून नाहीतर नंदुरबारहून दुसऱ्या कोणाचं तरी प्रमाणपत्र त्याच खिळ्यावर लागणार. तो माणूस वर्षातून एकदा सहीला येणार. माझे हात स्वच्छ होणार आणि डबे तिथेच राहणार. आणि त्याहून खरं कारण म्हणजे मला भीती वाटत होती.

आम्ही जैन, आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण होतं. सासूबाईंचा, रूपकंवरबाईंचा, नियम तर पाण्यालाही आहे. त्या दिवशी गुडघ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना नवी कॅप्सूल लिहून दिली होती. दुकान शिवाजीभाऊंवर सोडून दोघं घरी आले. साडेपाचला पानं मांडली, पण सासरे फोनवर होते, कंपनीच्या प्रतिनिधीशी.

“नाही नाही, आतलं नको सांगू. आतलं मला माहीत आहे. वरचं टरफल कशाचं? … जिलेटिन नाही ना? … नक्की? कोणी सांगितलं तुला? … अरे, मला वाटतं म्हणून काय सांगतोस? विचारून सांग. मी धरतो फोन.”

त्यांनी फोन धरला. पंधरा मिनिटं धरला. आमटी निवत होती. जिलेटिन जनावराच्या हाडांचं आणि कातड्याचं असतं, म्हणून आमच्या घरात एकही कॅप्सूल चौकशीशिवाय कोणाच्या तोंडात जात नाही. मी आल्यापासून ती चौकशी अर्धी माझ्याकडे आहे. या घरासाठी मी आजवर किती डब्यांची मागची बाजू वाचली असेल, त्याची गणती नाही.

“बिंदणी,” फोनवर हात ठेवून सासरे म्हणाले, “तू वाच बरं डबीच्या मागे. हा गाढव आहे.”

मी वाचलं. टरफल झाडापासून केलेलं होतं. तसं सांगितलं.

“शेवटपर्यंत वाच.”

मी शेवटपर्यंत वाचलं. रंगसुद्धा.

“हां. आता ठीक.” त्यांनी फोन ठेवला आणि समाधानाने पाटावर बसले. “पोटात काय जातं ते माणसाला माहीत नको?”

मी वाढायची थांबले. स्वयंपाकघरात जाऊन, दुपारी पदराच्या टोकाला बांधून आणलेले दोन खडू घेऊन आले आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवले. वाळल्यावर रंग आणखी उठून दिसत होता.

“हे काय?” अभिनंदन म्हणाले.

“एक तापाची, एक खाजेची. आपली.” मी दुपारची सगळी हकीकत सांगितली. आवाज न चढवता, क्रमाने. ओठ सुजल्याचं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातली कॅप्सूल खाली ठेवली.

“किती वर्षांची?” त्यांनी विचारलं.

“चौदा-पंधरा.”

“आणि खाजेच्या गोळीतही तेच होतं? मग परत तेच कसं दिलं?”

“अगं, आम्हाला कुठे माहीत होतं!” सासरे म्हणाले. “रंग सरकारमान्य आहे. हजारात एखाद्याला होतं.”

“मान्य आहे,” मी म्हणाले. “दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, बाऊजी. रंगाला परवानगी आहे आणि त्रास थोड्यांना होतो. ते थोडे कोण, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायचं दुकानदाराने असतं. आणि त्रास झाल्यावर पुन्हा तेच देऊ नये, हे डबा फिरवला असता तर कळलं असतं.”

“ती इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं कोण वाचणार?”

“मी. त्यासाठीच मला भिंतीवर लावलंय ना?”

अभिनंदन कुजबुजले, “चांदनी, जेवण होऊ दे. नंतर बोलू.”

“नंतर म्हणता म्हणता दोन वर्षं झाली.”

सासरे हसले नाहीत. त्यांचा आवाज मात्र मऊ झाला, तो मऊ झाला की मी नेहमी गप्प बसत असे. “बिंदणी, डोंगरातला माणूस पांढरी घेत नाही. त्याला समजत नाही.”

“आज मी एका बाईला दहा मिनिटांत समजावलं. खडूने. तिने पिवळ्यांतली आपली गोळी स्वतः ओळखली. तिच्या मुलीने आपल्या डब्याची मागची बाजू वाचली. न समजणारे आपण होतो.”

“तुझ्या सासूची गोष्ट वेगळी. आपला धर्म आहे.”

“माझ्यासाठी पंधरा मिनिटं फोन धरलात,” सासूबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याकडे न बघता बोलत होत्या, खडूकडे बघत. “त्या पोरीसाठी डबा फिरवायला किती वेळ लागतो?”

खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. जेवायला वेळ कमी उरला होता, आणि चौघांच्याही पानात अन्न तसंच होतं.

सासऱ्यांनी एक खडू उचलून बोटांत फिरवला. बोटाला पिवळं लागलं. ते त्यांनी धोतराला पुसलं. “मग काय करणार तू? राजीनामा देणार? दे. आठ दिवसांत शहाद्याहून दुसरा कागद आणून लावतो.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “म्हणूनच देत नाही.”

आवाज माझाच होता, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा स्थिर.

“उद्यापासून दुकानात मी बसणार आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, परवान्यावर लिहिलंय तसं. पांढरी आणि पिवळी दोन्ही गोळ्या ठेवू. पण कोणती द्यायची ते मी विचारून देणार, आणि पुडीवर रंगाचं नाव मराठीत लिहून देणार. डब्यांची मागची बाजू पुढे राहील. आणि दुपारी, संध्याकाळी मी जेवायला घरी येईन, तेवढा वेळ शटर खाली असेल.”